क्रूसाला टाइल नको, चुना हवा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

३ मे हा क्रूसाचा जुना सण. रोमच्या दिनदर्शिकेतून तो १९६० मध्ये वगळला गेला आणि १४ सप्टेंबरचा सण तेवढा राहिला. आपल्या गावांनी मात्र मे महिना सोडला नाही. सप्टेंबरात पाऊस असतो, आणि उघड्यावरच्या क्रूसापाशी नऊ दिवस जपमाळ म्हणायची तर कोरडे अंगणच हवे. या सणाच्या तयारीत, साधारण फेब्रुवारीपासून, वसईच्या आळ्यांत, उत्तन-गोराई-मनोरीत, वांद्र्याच्या पाली-रनवार-चिंबईत वर्गणी गोळा होते आणि क्रूसाचे ‘नूतनीकरण’ सुरू होते. पायऱ्यांवर विट्रिफाइड टाइल, बैठकीला ग्रॅनाइट, क्रूसाला पुट्टी आणि वर चकचकीत ऑइल पेंट. करणाऱ्यांच्या श्रद्धेबद्दल आम्हाला तिळमात्र शंका नाही. पण या कामाने दगड आतून खराब होतो आणि क्रूसाच्या जुनेपणाचा पुरावाही जातो. म्हणून यंदा काम हाती घेण्याआधीच हे पत्र.

आधी वस्तू कोणती ते पाहू. वसई १५३४ च्या तहाने पोर्तुगिजांकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकली. वाटेवर, विहिरीपाशी, वेशीवर क्रूस उभारण्याची रीत त्या दोनशे वर्षांत इथे रुजली आणि सत्ता गेल्यावरही टिकली. मुंबई बेटावर आणि त्याच्या उत्तरेच्या साष्टी बेटावर आज दिसणारे बरेच क्रूस मात्र त्यानंतरचे, प्लेगच्या काळातले आहेत. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी गाठीचा प्लेग ओळखला, पुढच्या वर्षी साथरोग कायदा आला, आणि गावठाणातल्या लोकांनी रोग वेशीबाहेर राहावा म्हणून किंवा वाचलो म्हणून क्रूस उभारले. अनेक क्रूसांवर त्याच वर्षांचे आकडे आहेत. म्हणजे क्रूस कुठे उभा आहे यालाही अर्थ आहे. आज तो भर चौकात दिसतो, पण तेव्हा तिथे गाव संपत होते.

दगडी क्रूसाचे साधारण तीन भाग असतात: पायऱ्यांचा चौथरा, त्यावरची चौकोनी बैठक आणि बैठकीत रोवलेला क्रूस. क्रूसाच्या तळाला कूस काढलेली असते आणि ती बैठकीतल्या खाचेत बसते. बैठकीच्या पुढच्या अंगाला बहुधा लेख असतो, कधी मेणबत्तीसाठी कोनाडा. दगड बहुतेक ठिकाणी काळा, काही ठिकाणी मालाडचा पिवळसर. सांधे चुन्याचे. कारागिरी कुठवर जाऊ शकते हे पाहायचे असेल तर वांद्र्याच्या सेंट अँड्र्यूज चर्चच्या आवारातला क्रूस जवळ जाऊन पाहावा. सुमारे १७ फूट उंच, एकाच दगडात घडवलेला, आणि अंगभर येशूच्या दुःखसहनाची चिन्हे. अशा क्रूसांवर हातोडा, खिळे, सांडस, शिडी, भाला, स्पंजाची काठी, काट्यांचा मुकुट, पेत्र या शिष्याने येशूची ओळख नाकारली त्याची आठवण देणारा कोंबडा, शिपायांचे फासे अशी चिन्हे कोरतात. वाचता न येणाऱ्या माणसाला उभ्या उभ्या गुड फ्रायडेची सगळी कथा सांगता यावी, यासाठी ही रचना. या कोरीव कामाची खोली बोटाच्या पेरापेक्षाही कमी असते. पुट्टीचे दोन हात आणि ऑइल पेंटचे तीन हात बसले की खिळा कुठला आणि फासा कुठला, ओळखू येत नाही.

आता टाइलने नेमके काय बिघडते. काळा दगड पाणी फारसे पीत नाही. चौथऱ्यात शिरलेले पाणी बाहेर पडते ते दगडांमधल्या सांध्यांतून. चुन्याचा सांधा मऊ आणि सच्छिद्र असल्याने ओल त्यातून वाळते. झीज व्हायची ती सांध्याची होते, आणि सांधा पुन्हा भरता येतो. सिमेंट घट्ट असते. सिमेंटने सांधे बुजवून वर टाइल चिकटवली की जमिनीतून चढलेली ओल आत कोंडते. क्षार घेऊन ती वर वर सरकते आणि जिथे वाट मिळेल तिथे, म्हणजे बहुधा बैठकीच्या लेखाच्या पातळीवर, बाहेर येते. तिथे पाणी उडून जाते, क्षारांचे स्फटिक दगडाच्या कातड्याखाली फुगतात आणि पापुद्रे सुटतात. यालाच आपण लोणा लागला म्हणतो. लोणा लागलेल्या जागी पुन्हा रंग देणे म्हणजे पुढच्या पापुद्र्याची सोय करणे. त्यातून सिमेंटमध्ये स्वतःचेही विरघळणारे क्षार असतात, आणि खाडीची न धुतलेली रेती वापरली असेल तर मिठाची भर पडते. आणखी एक नुकसान उशिरा कळते. सिमेंट कधी काढायची वेळ आली तर ते एकटे निघत नाही, दगडाची धार सोबत घेऊन निघते.

दुसरे नुकसान कागदावरचे आहे, आणि त्याचा विचार आळीच्या सभेत कुणी करत नाही. सार्वजनिक जागेवरील अनधिकृत धार्मिक बांधकामांबाबत सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाची तारीख २९ सप्टेंबर २००९ आहे. त्यानंतर राज्यात जुन्या बांधकामांची छाननी करून नियमित करणे, हलवणे किंवा पाडणे अशी वर्गवारी झाली. या छाननीत बांधकाम कधीचे, हा पहिला प्रश्न. शंभर वर्षांचा क्रूस टाइल आणि ग्रॅनाइटने मढवला, सालाचा दगड आत गाडला आणि वर ‘नूतनीकरण २०१५’ अशी पाटी लावली, की पाहणीला आलेल्या माणसाला दिसते ते २०१५ चे बांधकाम. २०१७ च्या एप्रिलमध्ये वांद्र्यात बाजार रोडवरचा जुना क्रूस महापालिकेने पाडला तेव्हा जागा खासगी असल्याचे रहिवाशांना नंतर सांगत बसावे लागले. म्हणून प्रत्येक क्रूसाची एक फाइल असावी. वसईकडे सातबारा किंवा गावठाणातली मिळकतपत्रिका, मुंबईत सिटी सर्व्हेचा प्रॉपर्टी कार्ड उतारा आणि नकाशा, त्या नकाशावर क्रूसाची जागा, लेखाचा फोटो, जुन्या लग्नाच्या किंवा सणाच्या फोटोत मागे क्रूस दिसत असेल तर त्याची प्रत, आणि चर्चच्या दप्तरात उल्लेख असेल तर फादरांच्या सहीने त्याचा उतारा. एक प्रत आळीत, एक चर्चमध्ये. उताऱ्यावर नाव कुणाचे आहे हे आज कळले तर सवडीने दुरुस्त करता येते. नोटीस लागल्यावर सात दिवसांत काहीच होत नाही.

लेखाचा फोटो दुपारी समोरून काढला तर काही वाचता येत नाही. अंधार पडल्यावर टॉर्च दगडाच्या कडेला, जवळजवळ टेकवून, एका बाजूने धरावी. झिजलेल्या अक्षरांच्याही सावल्या पडतात. डावीकडून, उजवीकडून, वरून असे तीन-चार फोटो घ्यावेत आणि चौकटीत एक पट्टी ठेवावी, म्हणजे माप कळते. अक्षरांत खडू, पीठ किंवा रंग भरू नये. पोर्तुगीज लेखांत अर्धे शब्द संक्षेपात असतात आणि एका अक्षरात दुसरे गुंफलेले असते. भाषा न येणारा रंगारी ब्रशने ‘अंदाजे’ अक्षर ठळक करतो, पुढच्या वर्षी दुसरा त्यावरून गिरवतो, आणि दहा वर्षांत लेख कुठल्याच भाषेत उरत नाही. चिमाजी अप्पांच्या स्वारीनंतर वसईच्या चर्चच्या घंटा देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या घंटेवरचे १७२१ हे साल आणि पोर्तुगीज अक्षरे आजही वाचता येतात, कारण ती कुणी गिरवलेली नाहीत.

कामाला हात घालण्याआधी ओळंबा सोडून पाहावा. क्रूस किती आणि कुठल्या बाजूला कलला आहे ते मोजून तारखेसह लिहावे, आणि तडे असतील तर तड्याच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीने खूण करून अंतर टिपावे. पावसाळ्यानंतर तेच माप पुन्हा घेतले की तडा जिवंत आहे की जुना, ते समजते. मग लाकडी मोगरीने हलके ठोकत जावे. टणक आवाज आला तर दगड किंवा गिलावा धरून आहे. बद्द आवाज आला तर आत पोकळी आहे.

सफाई साध्या पाण्याने आणि नायलॉनच्या मऊ ब्रशने, वरून खाली. बाथरूम धुण्याचे ॲसिड, तारेचा ब्रश, ग्राइंडर आणि सँडब्लास्टिंग यांतले काहीही क्रूसाच्या जवळ आणू नये. ॲसिड चुना खाते आणि मागे क्षार ठेवते. ग्राइंडर पाथरवटाच्या टाकीच्या खुणा पुसतो, आणि दगड जुना आहे हे त्या खुणाच सांगतात. खाण्याचा सोडाही नको, तोही क्षारच. मेणाचे थर लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने उचलावेत. उरलेल्यावर टीपकागद धरून हेअर ड्रायरने कोमट करावे, मेण कागदात उतरते. ऑइल पेंट काढायचा असेल तर रंग काढण्याचे रसायन आधी मागच्या बाजूला हातभर जागेत वापरून पाहावे आणि दगडावर डाग राहत नाही याची खात्री झाल्यावरच पुढे जावे. सगळा रंग एका दिवसात काढण्याची घाई कुणी करू नये.

सांधे भरण्याचे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करावे आणि काही झाले तरी एप्रिल उजाडायच्या आत संपवावे. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश दगड होतो. मे अखेरीस भरलेला सांधा जूनच्या पहिल्या झोडीत धुऊन जातो आणि मग ‘चुना टिकत नाही’ असे लोक म्हणतात. कळीचा, म्हणजे न विझलेला, चुना आणला तर तो पाण्यात टाकावा, चुन्यावर पाणी ओतू नये. उकळी फुटते आणि शिंतोडे डोळ्यांत गेले तर दृष्टी जाऊ शकते. चष्मा आणि रबरी हातमोजे हवेतच, आणि मुलांना दूर ठेवावे. विझलेला चुना बारीक जाळीतून गाळून पाण्याखाली किमान तीन आठवडे मुरू द्यावा, तीन महिने मुरला तर उत्तम. न विझलेला खडा सांध्यात गेला की महिन्याभराने तिथेच फुगतो आणि सांधा उडवतो. पाकिटातला चुना वापरायचा असेल तर तो ताजा असावा आणि निदान दिवसभर भिजवावा.

प्रमाण असे: मुरलेला चुना एक भाग, चांगल्या भाजलेल्या विटेची भुकटी, म्हणजे सुरखी, एक भाग, स्वच्छ धुतलेली नदीची रेती दोन भाग. सुरखीमुळे चुना दमट हवेतही घट्ट होतो, म्हणून समुद्रकाठच्या कामाला ती सोडू नये. पाणी जितके कमी तितके बरे. घट्ट मळलेला चुना कमी आकसतो. गूळ, हिरडा, बेलफळ घालण्याची जुनी रीत आहे. ती ज्याच्या हातात आहे त्याने जरूर वापरावी, नवख्याने आधी साधे मिश्रण जमवावे. जुना सैल चुना सांध्याच्या रुंदीच्या दुप्पट खोल, निदान २५ मिलिमीटर, हातानेच खरवडून काढावा. सांधा पाण्याने भिजवावा, चुना अरुंद थापीने दाबून थराथराने भरावा आणि दगडाच्या तोंडापेक्षा किंचित आत ठेवावा. दगडाच्या अंगावर पसरवला तर कड सुटते आणि पाणी धरते. मग सात ते दहा दिवस ओले गोणपाट. गवंड्यांचे सगळ्यात जास्त चुकते ते इथेच. सिमेंटच्या सवयीने ते दुसऱ्या दिवशी निघून जातात. उन्हाने चुना वाळतो, पण घट्ट होत नाही, आणि बोटाने भुरभुरतो.

खर्चाचा बाऊ होतो म्हणून हिशेब देतो. सहा फूट चौरस, तीन पायऱ्यांच्या चौथऱ्याचे सांधे मोजून साधारण ३० मीटर भरतात. रुंदी १५ आणि खोली ३० मिलिमीटर धरली तर लागतो साडेतेरा लिटर माल. सांडलवंड धरून २० लिटर. मिसळताना माल दबतो हे धरून त्यात मुरलेला चुना साडेसहा लिटरांच्या आसपास. म्हणजे एक बादलीही नाही. पैसे लागतात ते जाणत्या गवंड्याच्या रोजाला आणि त्या दहा दिवसांच्या पाणी मारण्याला, आणि पाणी मारायला आळीतली माणसे आहेत.

गोव्याकडच्या आणि तळकोकणातल्या वाचकांसाठी वेगळे सांगायला हवे. तिथला खुरीस, म्हणजे क्रूस, बहुधा चिऱ्याचा, म्हणजे जांभ्याचा. जांभा पाणी पितो, म्हणून त्यावर चुन्याचा गिलावा आणि दरवर्षी सफेदी ही त्याची कातडी आहे. ‘दगड उघडा छान दिसतो’ म्हणून ती खरवडून काढू नये. काळ्या दगडाला मात्र गिलाव्याची गरज नसते. जांभ्यावर सिमेंटचा गिलावा केला तर तो काही वर्षांनी ताटाएवढ्या खपल्यांनी पडतो आणि मागे चिऱ्याचा पृष्ठभाग चिकटलेला निघतो. सफेदीसाठी मुरलेला चुना कापडातून गाळून दुधाइतका पातळ करावा, भिंत आधी भिजवावी, आणि एक जाड हात मारण्याऐवजी तीन-चार पातळ हात एकेक दिवसाच्या अंतराने द्यावेत. जाड हात तडकतो. रंग हवा असेल तर गेरू, पिवडी आणि नीळ चुन्यात टिकतात.

लोखंड हा दगडाचा छुपा शत्रू. क्रूसाचा तुटलेला हात जोडताना आत सळई घालतात. ती गंजली की कित्येक पटींनी फुगते आणि चांगला दगड उभा चिरते. जोड द्यायचाच असेल तर ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलची १० ते १२ मिलिमीटरची खुंटी घ्यावी आणि ते काम अनुभवी माणसाकडूनच करून घ्यावे. तोवर तुटलेला तुकडा गोणीत घालून, चिठ्ठी लावून चर्चमध्ये ठेवावा. तो ‘भराव’ म्हणून चौथऱ्यात टाकलेला पाहिला की पोटात तुटते. हारही तारेने बांधू नयेत, सुती दोऱ्याने बांधावेत. पिंपळाचे रोप चार पानांचे असतानाच हाताने काढावे. मूळ सांध्यात गेले असेल तर ओढू नये, दगड हलतो. बुडाशी कापून, फुटवा येईल तसा खुडत राहावे आणि सांधा उघडला की मेलेले मूळ काढावे. ॲसिड, मीठ, रॉकेल यांनी झाड मरते की नाही माहीत नाही, सांधा नक्की मरतो.

रस्त्याचा प्रश्न ग्रामपंचायत आणि महापालिकेच्या अभियंत्यांपुढे मांडायचा आहे. दर काँक्रिटीकरणात रस्ता सहा-नऊ इंच वर येतो. तीन पायऱ्यांचा क्रूस दोनाचा होतो, मग एकाचा, आणि पावसाचे पाणी बैठकीशी तळे करते. काँक्रीट चौथऱ्याला भिडवू नये. चारही बाजूंनी फूटभर रुंद चर ठेवून त्यात खडी भरावी आणि तिचे पाणी गटारात काढावे. निविदेत ही एक ओळ घातली तर खर्चात काही फरक पडत नाही.

आणि रुंदीकरणात क्रूस खरोखरच हलवावा लागला तर जेसीबीच्या बकेटने तो उचलू नये. एक फूट रुंद, एक फूट जाड आणि सहा फूट उंच काळ्या दगडाचे वजन सुमारे ४९० किलो, जवळजवळ अर्धा टन. साखळी लावली तर कड फुटते. रुंद नायलॉनचा पट्टा क्रूसाच्या हातांच्या खाली, खांबाला घ्यावा. क्रूस सगळ्यात आधी मोडतो तो हात आणि खांब जुळतात तिथे, म्हणून आडवा करण्याआधी दोन्ही हातांना लाकडी चौकटीचा आधार द्यावा आणि वाळूच्या गोण्यांवर निजवावा. त्याआधी प्रत्येक दगडाला दोऱ्याने क्रमांकाची चिठ्ठी बांधावी, चारही बाजूंचे फोटो घ्यावेत, लेखाची दिशा लिहून ठेवावी. तळाची कूस शिशाने बसवलेली असू शकते. छिन्नीने बैठक फोडू नये, सांधा हाताने मोकळा करावा. नवी जागा त्याच वेशीवर, त्याच वाटेवर मागावी. उद्यानाचा कोपरा मान्य करू नये. उचलण्याआधी आणि बसवल्यावर फादरांना बोलवावे, आणि पंचनाम्यावर आळीतल्या दोघांच्या सह्या असाव्यात.

राहिले छप्पर आणि मेणबत्त्या. पत्र्याच्या शेडची पागोळी बहुतेक ठिकाणी नेमकी पहिल्या पायरीवर पडते आणि तिथे खळगा करते. शेड हवीच असेल तर पत्रा चौथऱ्याच्या दोन फूट पुढे न्यावा आणि पन्हळ लावावी. मेणबत्त्यांसाठी वाळू भरलेला लोखंडी ट्रे क्रूसापासून दोन फुटांवर ठेवावा, कोनाड्यात एकच दिवा असावा. नवव्या दिवशी उकडलेले चणे वाटून झाले की हार त्याच रात्री उतरवावेत. झेंडूचा ओला ढीग दोन दिवस बैठकीवर कुजला तर दगडावर पडणारा तपकिरी डाग पुढच्या सणापर्यंत जात नाही.

आपले,
दगड-चुन्याच्या कामातले काही वसईकर